शेवटचा अंक किती खरा?

धामणगांव नांवाचीं गांवें आपल्या महाराष्ट्रांत अनेक आहेत. त्यांपैकीं मुंबई-नागपूर लोहमार्गावर बडनेरा आणि वर्धा यांच्या दरम्यान जें लागतें, तें 'धामणगांव रेल्वे' या नांवानें ओळखलें जातें. दिवाळी उलटली कीं या गांवाच्या रस्त्यांवर जिकडे तिकडे कापूस दिसूं लागतो. जिनांच्या आवारांत पांढरेशुभ्र ढीग पडतात आणि धर्मकांट्यापुढें मालमोटारींची रांग लागते. गेल्या मार्गशीर्षांत तेथें एका वडीलधाऱ्या स्नेह्यांच्या घरीं दोन दिवस राहण्याचा योग आला असतां जो लहानसा प्रसंग आमच्या डोळ्यांसमोर घडला, त्यावरूनच या महिन्याचा विषय आम्हांस सुचला.

स्नेह्यांचें कुटुंब मोठें. तीन पिढ्या एकाच वाड्यांत नांदतात. गांवाबाहेर त्यांचें दीड एकराचें एक शेत आहे आणि तें एका शेतकऱ्यानें बटईनें केलें आहे. त्या शेताचा सारा कापूस त्या दिवशीं एका लहान मालमोटारींतून धर्मकांट्यावर गेला. भरलेल्या मोटारीचें वजन १,८७० किलो झालें, रिकाम्या मोटारीचें १,०५०. म्हणजे कापूस ८२० किलो. घरांतील थोरला नातू यंदा महाविद्यालयांत विज्ञान शिकूं लागला आहे. त्यानें रात्रीं ओसरीवर बसून वहींत भागाकार मांडला आणि उत्तर लिहिलें : एकरीं ५४६.६६६७ किलो. मागील वर्षाच्या पानावर ८४० किलो, म्हणजे एकरीं ५६०.०००० अशी नोंद होती. तो आजोबांस म्हणाला, "आजोबा, यंदा एकरीं १३.३३३३ किलो कापूस कमी आला. बटईदाराचें शेताकडे लक्ष दिसत नाहीं. उद्यां त्याला विचारलें पाहिजे."

आजोबांनीं वही हातांत घेतली, चष्मा सारखा केला आणि शांतपणें विचारलें, "बाळ, दशांशचिन्हापुढचे हे चार तीन धर्मकांट्यानें दाखविले, कीं तुझ्या गणकयंत्रानें?"

मुलगा गोंधळला. प्रश्न साधा होता, परंतु त्यांत सगळें शास्त्र आलें होतें. त्या धर्मकांट्याचा टप्पा दहा किलोंचा आहे. तो १,८७० दाखवितो तेव्हां खरें वजन १,८६५ पासून १,८७५ पर्यंत कोठेंही असूं शकतें. रिकाम्या मोटारीच्या वजनाचीही तीच गोष्ट. दोन अशा आंकड्यांची वजाबाकी केली म्हणजे दोन्ही संशय एकत्र येतात; कापूस ८१० ते ८३० किलोंच्या दरम्यान आहे, एवढेंच खात्रीनें सांगतां येतें. मागील वर्षींचे ८४० हेही त्याच न्यायानें ८३० ते ८५०. तेव्हां दोन्ही वर्षीं कापूस नेमका ८३० किलोच आला असेल, असेंही म्हणतां येईल! शेत दोन्ही वर्षीं तेंच होतें, म्हणून त्याच्या मापाची चूक तुलनेंत आड येत नाहीं. पण कांट्याचा टप्पा तेवढा पुरे होता. ज्या १३.३३३३ किलोंवरून एका कष्टाळू माणसावर ठपका यावयाचा, ते किलो मुळांत होते कीं नाहीं हेंच कोणास ठाऊक नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो शेतकरी स्वतःच हिशेबासाठीं वाड्यावर आला. आजोबांनीं ठपक्याचें कांहींच न बोलतां सहज विचारलें, "यंदा वजन जरा उतरलें, नाहीं का?" तो म्हणाला, "उतरनच ना काकाजी! मांगच्या साली दंवातला वेचा होता, यंदा उन्हं वर आल्यावर वेचला."

कापूस हवेंतील व दंवांतील ओल शोषून घेतो, ही गोष्ट वऱ्हाडांतील लेंकरूंही जाणतें. हमीभावानें होणाऱ्या सरकारी खरेदींत म्हणूनच ८ टक्के ओलावा प्रमाण मानतात आणि १२ टक्क्यांच्या वर ओल असलेला कापूस घेत नाहींत. समजा, मागील वर्षींच्या ८४० किलोंत १२ टक्के पाणी होतें. तर कोरडा कापूस सुमारें ७४० किलो. यंदाच्या ८२० किलोंत ८ टक्केच असेल, तर कोरडा कापूस सुमारें ७५० किलो. म्हणजे पीक घटलें नसून चांगलें उतरलें असण्याचाही संभव आहे. कांट्याच्या चुकीहून पाण्याची चूक मोठी होती. आणि ती वहींतील सात अंकांनीं दाखविली नाहीं, तर ज्याच्यावर ठपका यावयाचा त्या माणसाच्या अनुभवानें दाखविली.

आतां या प्रसंगाच्या मुळाशीं असलेला नियम पाहूं. गणना आणि मापन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गोठ्यांत चार गाई आहेत ही गणना; तेथें चार म्हणजे चारच. तसेंच कांहीं आंकडे व्याख्येनेंच ठरविलेले असतात. एका फुटाचे बारा इंच, किंवा एका इंचाचे २.५४ सेंटिमीटर (हें १९५९ पासून ठरलेलें आहे), यांत संशयास जागा नाहीं. परंतु जेथें पट्टी, तराजू, घड्याळ किंवा उष्णतामापक यांच्या साह्यानें उत्तर मिळतें, तेथें तें साधन जितकें बारीक, तितकेंच आपलें ज्ञान. मिलिमीटरच्या रेघा असलेल्या पट्टीनें पेन्सिल मापून ती १४.३७ सेंटिमीटर भरली असें म्हटलें, तर १४.३ एवढें पट्टीवर स्पष्ट दिसलें आणि शेवटचा ७ दोन रेघांमधील जागा नजरेनें वाटून घेतला. जे अंक निश्चित ठाऊक आहेत ते, आणि त्यांच्या शेवटीं असा अंदाजाचा एक, एवढ्यांस शास्त्रांत 'सार्थ अंक' म्हणतात. येथें ते चार आहेत. याच्या पुढें जो अंक लिहावा तो निरर्थक. आणि वाचणारा त्यावर विश्वास ठेवतो म्हणून तो अपायकारकही.

शून्याचा प्रकार विशेष लक्षांत ठेवण्याजोगा आहे. तीच पेन्सिल ०.१४३७ मीटर म्हणून लिहिली, तर आरंभींचें शून्य केवळ जागा दाखवितें. सार्थ अंक चारच राहतात. उलट १४.३० सेंटिमीटर असें लिहिलें, तर शेवटचें शून्य बोलकें आहे. 'मीं शतांशापर्यंत पाहिलें, आणि तेथें कांहीं नव्हतें,' असें तें सांगतें. मात्र धर्मकांट्याच्या १,८७० मधील शून्य मुकें आहे, कारण तो कांटा त्या घरांत दुसरा कोणताच अंक दाखवूं शकत नाहीं. लिहितांना हा भेद डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणून शास्त्रज्ञ अशी संख्या १.८७ गुणिले १,००० या रीतीनें लिहितात.

हिशेबाचे नियमही सोपे आहेत. गुणाकार-भागाकारांत उत्तराचे सार्थ अंक सर्वांत कच्च्या मापाच्या अंकांहून अधिक असूं नयेत. बेरीज-वजाबाकींत दशांशाचें जें घर एका मापांत संशयित, तें उत्तरांतही संशयितच. मधल्या पायऱ्यांवर एखादा अंक जास्त बाळगावा व शेवटीं छाटावा. आपल्या विद्यार्थ्याच्या दीड एकराकडे पाहा. तो दीड म्हणजे साठ गुंठे. बांध-धुरे धरून तो अठ्ठावन्न कीं बासष्ट हें कोणीं मापलें आहे? अठ्ठावन्न धरल्यास एकरीं उत्पन्न ५६६ किलो होतें, बासष्ट धरल्यास ५२९. तेव्हां खरें उत्तर 'सुमारें साडेपांच क्विंटल' एवढेंच. सातांपैकीं पांच अंक गणकयंत्राचे, शेताचे नव्हेत.

आमच्या वाचक भगिनींस हें सारें नवें वाटण्याचें कारण नाहीं. आपल्या मराठी भाषेंत ही शिस्त पूर्वींपासून भिनलेली आहे. "आज दहा-बारा पानें होतील," असें सासूबाई सांगतात, तेव्हां अकरा आणि एक इकडे-तिकडे, असें पुरतें शास्त्रीय विधान त्या करीत असतात. 'पन्नासेक', 'सुमारें', 'अदमासें', 'चार-सहा दिवस' हे सगळे शब्द आपल्या अज्ञानाची मर्यादा प्रामाणिकपणें सांगणारे आहेत. "मीठ चवीपुरतें" हें म्हणणें "मीठ ४.७५ ग्रॅम" या छापील पाककृतींतील वाक्याहून पुष्कळ वेळां अधिक खरें असतें; कारण मिठाचा खारेपणा आणि भाजीचें पाणी यांचें माप कोणीं घेतलेलें नसतें.

मापनांतील या प्रामाणिकपणाचें एक थोर उदाहरण धामणगांवाच्या शेजारींच घडलेलें आहे. धामणगांवाहून आगगाडीनें पूर्वेस निघालें कीं पुलगांव लागतें, मग वर्धा, आणि तेथून दक्षिणेकडे वळलें कीं हिंगणघाट. या हिंगणघाटास विल्यम लॅम्बटन यांनीं १८२३ च्या जानेवारींत देह ठेवला, आणि त्यांची कबरही तेथेंच आहे. हिंदुस्थानची त्रिकोणमापनानें मोजणी करण्याचें प्रचंड कार्य त्यांनीं १८०२ च्या एप्रिलांत मद्रासेजवळ आरंभिलें. प्रथम सपाट जमिनीवर सुमारें साडेसात मैलांची एक पायारेषा प्रत्यक्ष मापावयाची. मग तिच्या दोन टोकांवरून कोन घेऊन त्रिकोणामागून त्रिकोण रचीत जावयाचें, ही त्यांची रीत. ही त्रिकोणांची साखळी दक्षिणेकडून निघून वऱ्हाडांत आली. एलिचपूरकडील टाकळखेडा हें तिचें एक मुख्य स्थान होतें. लॅम्बटन यांच्या मागें जॉर्ज एव्हरेस्ट यांनीं ती उत्तरेकडे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली.

त्या पहिल्या साडेसात मैलांस सत्तावन्न दिवस लागले. शंभर फुटांची पोलादी साखळी सुमारें चारशें वेळां मांडावयाची, एवढेंच काम. तें इतकें चिवट कां झालें? कारण पोलाद उष्णतेनें वाढतें. फॅरनहाइटच्या एका अंशास शंभर फुटांत ही वाढ एका इंचाच्या शतांशाहूनही कमी असते. हें वाचून कोणीही म्हणेल, एवढ्यानें काय होतें? पण आपल्या वऱ्हाडांत पौषांतील पहाट आणि वैशाखांतील दुपार यांत पन्नास अंशांचें अंतर सहज पडतें. तेवढ्या फरकानें साडेसात मैलांत बारा-तेरा फुटांची चूक होईल! आणि पायारेषेंतील चूक पुढल्या प्रत्येक त्रिकोणांत त्याच प्रमाणांत शिरेल. म्हणून साखळी लांकडी पेट्यांत, तंबूच्या सावलींत ठेवून, शेजारीं उष्णतामापक ठेवून, प्रत्येक वेळची उष्णता टिपून घेत. पुढें एव्हरेस्ट १८३० सालीं विलायतेहून परतले ते लोखंड व पितळ यांच्या जोडदांड्या घेऊनच. दोन धातु निरनिराळ्या प्रमाणांत वाढतात, या गुणाचाच उपयोग करून त्या दांड्यांवरील दोन खुणांमधील अंतर उन्हांत व थंडींत सारखें राहील अशी त्यांची रचना होती.

परंतु आमच्या मतें या मंडळींचा खरा मोठेपणा याहून पुढचा आहे. शेंकडों मैलांवर गेल्यावर ते दुसरी एक रेषा निवडीत. तिची लांबी त्रिकोणांच्या गणितानें आधीं काढीत, आणि मग ती जमिनीवर पुन्हां प्रत्यक्ष मापून दोन उत्तरें शेजारीं शेजारीं मांडीत. आपली चूक किती आहे हें शोधण्यासाठीं एवढा खर्च आणि एवढे श्रम! ज्याला आपल्या चुकीचें माप ठाऊक आहे, त्याच्याच मापावर विसंबावें, हा धडा त्यांनीं घालून दिला.

याच खात्यानें हिमालयाच्या सर्वोच्च शिखराची उंची काढली, ती कथाही येथें सांगण्याजोगी आहे. हें शिखर शंभराहून अधिक मैलांवरून, सहा निरनिराळ्या ठिकाणांहून पाहिलें गेलें. हिशेबाची धुरा राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञांनीं वाहिली. आणि १८५६ सालीं २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली. लोकांत अशी गोष्ट प्रसिद्ध आहे कीं, उत्तर बरोबर २९,००० आलें होतें. तीन शून्यें पाहून लोक हा नुसता ठोकताळा समजतील, म्हणून वर दोन फूट चढविले. गोष्ट गमतीची खरी. पण सहा ठिकाणचे आंकडे उपलब्ध आहेत. ते २८,९९१.६, २९,००५.३, २९,००१.८, २८,९९८.६, २९,०२६.१ आणि २८,९९०.४ असे आहेत. वाचकांनीं स्वतः बेरीज करून सहानें भागावें, सरासरी २९,००२.३ येते. दोन फूट कोणीं चढविले नव्हते, ते हिशेबांतूनच निघाले होते.

पण ते हिशेबांतून निघाले म्हणून सार्थ ठरले काय? सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या आंकड्यांत जवळजवळ ३६ फुटांचें अंतर आहे. अशा ठिकाणीं शेवटच्या दोहोंवर शपथ घेणें धाडसाचें. पुढें १९५४ सालच्या मोजणींत उंची २९,०२८ फूट ठरली, म्हणजे जुन्या सहाही आंकड्यांहून अधिक. असें कां व्हावें? शंभराहून अधिक मैल हवेंतून येणारा प्रकाशकिरण वांकतो, आणि तो किती वांकतो याचा अंदाज सगळ्याच मापांत घ्यावा लागतो. निरनिराळ्या चुका असतील तर सरासरीनें त्या एकमेकींस खातात. एकच चूक सर्व मापांत शिरली असेल तर हजार मापांची सरासरीही तिला हलवूं शकत नाहीं. दंवाच्या पाण्याचें हेंच आहे. ओला कापूस शंभर वेळां तोलला तरी तो ओलाच. २०२० च्या डिसेंबरांत नेपाळ व चीन यांनीं उपग्रहांच्या साह्यानें मापून ८,८४८.८६ मीटर ही उंची जाहीर केली. येथें सेंटिमीटरपर्यंत लिहिण्याचा अधिकार साधनांनीं मिळवून दिला आहे.

आतां पुन्हां आपल्या घरांत येऊं. मूल जरा मलूल दिसलें कीं आपण उष्णतामापक लावतों, आणि तो ९९ दाखवितो न दाखवितो तोंच घरांत धांवपळ सुरू होते. कारण निरोगी माणसाची उष्णता ९८.६, असें आपण पाठ केलें आहे. हा दशांशावरचा ६ आला कोठून? लाइप्झिग येथील डॉक्टर वुंडरलिख यांनीं हजारों रोग्यांची उष्णता पाहून १८६८ सालीं सरासरी ३७ अंश सेल्सियस अशी दिली. ३७ चें फॅरनहाइटमध्यें रूपांतर केलें कीं ९८.६ होतें. मुळांत दोन अंक; भाषांतरांत तीन झाले! ३७ याचा अर्थ ३६.५ ते ३७.५ असा धरला, तर फॅरनहाइटमध्यें तो ९७.७ ते ९९.५ होतो. अमेरिकेंत १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मापणींत तर सरासरी ९८.२ भरली, शिवाय सकाळची उष्णता कमी व सायंकाळची अधिक असते. तात्पर्य, अर्ध्या अंशावरून जीव टांगणीस लावूं नये, आणि उष्णतामापक ९८.६ दाखवितो म्हणून सुस्त मुलाकडे दुर्लक्षही करूं नये. मुलाचें खाणें, खेळणें, झोंप पाहावी, आणि शंका आल्यास डॉक्टरांस विचारावें. रक्ताच्या तपासणीचे कागद वाचतांनाही हाच विवेक ठेवावा. दोन दिवसांच्या आंकड्यांत थोडा फरक दिसला तर आधीं असें विचारावें कीं, हा फरक शरीरांतला कीं मापांतला?

मोठ्या कुटुंबांत एक करमणुकीचा प्रयोग करून पाहावा. घरांतील एखादा लांब पाट घ्यावा. पांच-सहा जणांनीं एकाच पट्टीनें, एकमेकांस न सांगतां, त्याची लांबी मापावी आणि चिठ्ठीवर लिहून ठेवावी. जेवणानंतर सगळ्या चिठ्ठ्या एकत्र उघडाव्या. पहिले अंक सर्वांचे जुळतील आणि शेवटच्या अंकाला बहुधा भांडण होईल. तें भांडण जेथें सुरू होतें, तेथेंच त्या पट्टीचें ज्ञान संपतें, हें मुलांस जन्मभर लक्षांत राहील.

आम्ही धामणगांव सोडलें त्या सायंकाळीं नातवानें ती वही आमच्यापुढें आणली. ५४६.६६६७ वर एक आडवी रेघ होती. खालीं स्वच्छ अक्षरांत लिहिलें होतें : 'एकरीं सुमारें साडेपांच क्विंटल. कांट्याचा टप्पा १० किलो. ओलावा पाहिला नाहीं.' आणि मागील वर्षाच्या पानावर एकच ओळ वाढविली होती : 'वेचा दंवांतला.' आजोबा तें वाचून एवढेंच म्हणाले, "आतां हा हिशेब बटईदाराला वाचून दाखविण्यास हरकत नाहीं." ज्या कांट्याला आपल्या लोकांनीं धर्माचें नांव दिलें, त्याच्यावरचा आंकडा लिहितांना त्यानें दाखविलें त्याहून एकही अंक अधिक लिहूं नये, हेंच आम्हीं त्या घरीं शिकलों.